२५६ रंगांची भागीदारी

एक्स विंडो सिस्टिमचा जन्म १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत, ‘प्रोजेक्ट अथेना’च्या काळात झाला. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस ही त्यामागची प्रमुख नावे. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. युनिक्स वर्कस्टेशनच्या एकाच पडद्यावर अनेक प्रोग्रॅम नांदू लागले. जागेची वाटणी सोपी होती, कारण ज्याने त्याने आपली खिडकी सांभाळायची. खरी कसोटी लागली ती रंगांच्या वाटणीत.

अडचणीचे मूळ मेमरीच्या किमतीत होते. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला २४ बिट द्यायचे तर सव्वादोन मेगाबाइट लागतात. ८ बिटांत ७६८ किलोबाइटमध्ये काम भागते. मात्र ८ बिटांत २५६ आकडेच मावतात. म्हणून ठिपक्यात रंग न ठेवता एका तक्त्यातल्या घराचा क्रमांक ठेवत, आणि त्या घरात लाल, हिरव्या, निळ्याचे प्रमाण. घरांच्या या तक्त्याला म्हणत कलरमॅप. कल्पना जुनीच. झेरॉक्स पार्कमध्ये रिचर्ड शूप यांच्या ‘सुपरपेंट’ने १९७३ मध्येच ती वापरली होती. पण तिथे सगळा तक्ता एकाच प्रोग्रॅमच्या मालकीचा होता. एक्समध्ये तो सामायिक झाला.

घर मिळवण्याचे दोन मार्ग होते. पहिला समंजस: ‘मला अमुक रंग हवा’ एवढेच सांगायचे. तोच रंग दुसऱ्या कोणी आधी घेतला असेल तर पडदा सांभाळणारा एक्सचा सर्व्हर त्याच घराचा क्रमांक देई आणि शेवटचा वापरकर्ता सोडेपर्यंत ते घर राखून ठेवी. त्यातला रंग मात्र कोणालाच बदलता येत नसे. दुसरा मार्ग स्वतंत्र घराचा. त्यातला रंग हवा तेव्हा बदलता येई आणि त्या क्रमांकाचे सारे ठिपके चित्र पुन्हा न काढता तत्क्षणी पालटत. हलत्या चित्रांसाठी ही युक्ती नामी, पण अडवलेले घर इतरांच्या उपयोगाचे राहत नसे.

घरे संपली की पुढची मागणी फेटाळली जाई. मग त्या प्रोग्रॅमने जवळच्या रंगावर समाधान मानायचे, नाहीतर स्वतःचा वेगळा कलरमॅप करायचा. बहुतेक यंत्रांत एका वेळी एकच कलरमॅप लागू होई. त्यामुळे माउस त्या खिडकीत नेला की तिचे रंग खुलत आणि बाकीचा पडदा भलत्याच जांभळ्या-हिरव्या रंगांत न्हाऊन निघे. नेटस्केप ब्राउझरला तर वेगळा कलरमॅप घेण्यासाठी आणि रंगांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी खास पर्याय द्यावे लागले. वेबवर २१६ ‘सुरक्षित’ रंगांचा संच रूढ झाला तोही याच टंचाईपायी: तिन्ही मूळ रंगांच्या सहा-सहा पायऱ्या, म्हणजे ६ गुणिले ६ गुणिले ६.

साधने द्यायची, ती कशी वापरायची हे सांगायचे नाही, हे एक्सचे धोरण होते. खिडक्यांच्या बाबतीत ते यशस्वी ठरले, कारण तिथे एकाचा हव्यास दुसऱ्याच्या मुळावर येत नव्हता. रंगांच्या बाबतीत मात्र नियमांची उणीव प्रोग्रॅमरच्या सौजन्याने भरून काढावी लागली, आणि सौजन्य पुरले नाही. हा तंटा अखेर मिटला तो मेमरी स्वस्त होऊन २४ बिटांचे पडदे सर्रास झाल्यावर.