बाळाच्या झटक्याचा व्हिडिओ पाठवताना

मालवणच्या समुद्राखालचे प्रवाळ पर्यटक ज्या बारकाव्याने चित्रित करून नेतात, तेवढा बारकावा टिपणारा कॅमेरा आता किनाऱ्यावरच्या अनेक घरांतल्या फोनमध्ये आहे. बाळाला झटके येत असतील, तर हाच फोन निदानाला मदत करतो.

बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होणारे ‘इन्फंटाइल स्पाझम’ दिसायला किरकोळ असतात. मान झुकते, हात आखडतात, एक-दोन सेकंदांत सारे संपते; पण तेच ओळीने पुन:पुन्हा होते, विशेषतः झोपेतून उठल्यावर. घरच्यांना वाटते, पोटात कळ आली असेल. उपचार लांबले तर बाळाच्या मेंदूच्या विकासाला धोका असतो. १८४१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. विल्यम वेस्ट यांनी आपल्याच मुलाच्या अशा झटक्यांचे वर्णन ‘लॅन्सेट’ला पत्राने कळवले होते. त्यांच्याकडे फक्त शब्द होते. आज बाळ दवाखान्यात पोहोचेपर्यंत शांत झाले, तरी व्हिडिओ दाखवता येतो.

अडचण येते ती पाठवताना. ‘फोर-के’ व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात आणि सेकंदाला साधारण ३० फ्रेम. फोन हे सारे दाबूनच साठवतो. मेसेजिंग ॲप ते पुन्हा दाबते, आणि पापण्यांची फडफड पुसट होऊ शकते. व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल तशीच जाते.

फाइल फारच मोठी असेल, तर संगणकावर ‘एफएफएमपेग’ हे मोफत साधन उपयोगी पडते. २००० साली फाब्रिस बेलार यांनी ते सुरू केले. यात बटणे नसतात, आज्ञा टाइप करावी लागते. तुकड्याची सुरुवात, शेवट आणि ‘कॉपी’चा पर्याय दिला की चित्र पुन्हा न दाबता हवा तो भाग वेगळा होतो. हा काप नेमक्या क्षणावर बसेलच असे नाही. म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद जास्त ठेवावेत. फाइलमधली ठिकाणाची नोंदही आज्ञेनेच काढता येते. मूळ फाइल मात्र पुसू नये; ओरोसहून पुढे बांबोळीला जावे लागले, तर तिथेही तीच लागेल.

चित्रीकरणात चेहरा आणि पूर्ण शरीर दिसावे, उजेड पुरेसा असावा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा बाळ निळे पडू लागले, तर फोनचा उपयोग एकच: १०८ ला कॉल.