अल्बट्रॉस आणि उंदीर

आपल्या कोठीघरांत धान्याला तोंड लावणारा लहानसा उंदीर १० फूट पंखविस्ताराच्या पक्ष्याला ठार करतो, असें सांगितलें तर आपला विश्वास बसेल काय? दक्षिण महासागरांतील मॅरियन बेटावर मात्र हें घडत आहे.

भटका अल्बट्रॉस हा या सागराचा राजा. पश्चिमेच्या सोसाट्याच्या वाऱ्यावर, पंख फारसे न हलवितां, तो शेंकडों मैल जातो. हे वारे अलीकडे अधिक प्रबळ झाले आहेत. क्रोझे बेटांवरील पक्ष्यांविषयींचें संशोधन २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. वाऱ्याच्या साहाय्यानें त्यांची भक्ष्यशोधाची सफर लवकर आटोपते व वजनहि सुमारें एक किलोनें वाढलें आहे, असें त्यांत आढळलें. म्हणजे समुद्रावर हवामानाचा पालट त्यांना तूर्त मानवला आहे.

परंतु अंडें घालण्यास जमिनीवर यावेंच लागतें, आणि खरें संकट तेथें आहे. एकोणिसाव्या शतकांत सीलच्या शिकारीसाठीं आलेल्या गलबतांतून उंदीर मॅरियनवर उतरले. त्यांच्या बंदोबस्तासाठीं १९४९ च्या सुमारास हवामानकेंद्रावर पांच मांजरें आणलीं. त्यांची प्रजा पुढें दोन हजारांच्या घरांत गेली, आणि उंदरांऐवजीं ती बिळांतील पेट्रेल पक्षीच लाखांनीं फस्त करूं लागली. १९९१ पर्यंत मांजरें निपटून काढलीं. उंदीर मात्र राहिले.

इकडे १९६९ ते १९९९ या काळांत बेटाचें तपमान एक अंशाहून अधिक वाढलें व पाऊस घटला. थंडीनें ज्यांची संख्या आटोक्यांत राही, त्या उंदरांचा विणीचा हंगाम लांबला. त्यांनीं किडे-अळ्या संपवीत आणल्या, आणि भुकेपोटीं ते पक्ष्यांकडे वळले. २००३ सालीं पिलांवरील हल्ला प्रथम दिसला. २०२३ सालीं प्रौढ पक्षीहि मेलेले आढळले. उंदीर रात्रीं अंग कुरतडीत असतां पक्षी घरट्यावरून उठतहि नाहीं. कारण चतुष्पाद शत्रु त्याच्या पूर्वजांनीं त्या बेटावर कधीं पाहिलाच नव्हता. जोडपें वर्षाआड एकच अंडें घालतें, तेव्हां प्रौढ पक्ष्याचा मृत्यु लवकर भरून येत नाहीं.

हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून सर्व उंदीर नष्ट करण्याची योजना आहे. 'सर्व' हा शब्द येथें महत्त्वाचा. गॉफ बेटावर २०२१ सालीं असाच प्रयत्न झाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत तेथें पुन्हां उंदीर दिसला. वाऱ्याची दिशा पालटणें आपल्या हातीं नाहीं. पण उंदीर आपल्याच गलबतांनीं नेले, आणि ते परत काढणें हें आपलेंच काम आहे.