क्रॅश न होणारी चूक: एलझेडसीएनटी

प्रोसेसरला इन्स्ट्रक्शन कळली नाही की प्रोग्रॅम 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत बंद पडतो, अशी आपली समजूत. एलझेडसीएनटी तिला अपवाद आहे. संख्येच्या डावीकडचे शून्य बिट मोजणारी ही इन्स्ट्रक्शन इंटेलमध्ये २०१३च्या हॅसवेलपासून आली. तिचं एन्कोडिंग म्हणजे जुनी बीएसआर, फक्त आधी एफ३ हा प्रीफिक्स. गंमत अशी, की हॅसवेलआधीचे इंटेल प्रोसेसर प्रीफिक्सकडे दुर्लक्ष करून सरळ बीएसआर चालवतात. ती देते सर्वांत वरच्या १चा क्रमांक. म्हणजे ३२ बिटांत ८ दिलात, तर २८ऐवजी ३! एररही नाही. नव्या मशीनसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम लॅबच्या जुन्या सर्व्हरवर मोजमापाला लावण्याआधी सीपीयू-इन्फो बघा. लिनक्स तिथे हा फ्लॅग 'एबीएम' या नावाने दाखवतो (एलझेडसीएनटी शोधत बसू नका).