जपून ठेवलेला दगड

ऑगस्ट 2024 मध्ये बातमी आली, की इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळातली सहा टनांची ‘वेदीशिला’ वेल्समधली नाही, ती थेट ईशान्य स्कॉटलंडमधून आली. अंतर किमान 750 किलोमीटर! शिळेतल्या झिरकॉन, ॲपेटाइट, रुटाइलच्या कणांची वयं मोजून ते ठरलं. कौतुक झालं ते यंत्रांचं. पण या कामाला लागणारे तुकडे आधी कुणीतरी सांभाळून ठेवलेले होते.

स्टोनहेंजच्याच अजस्र सारसेन शिळांचं उदाहरण घ्या. 1958 मध्ये कोसळलेल्या शिळा पुन्हा उभ्या करताना एकीला तडे गेलेले आढळले. तिला आरपार भोकं पाडून आत धातूच्या सळया बसवल्या. भोक पाडताना निघालेला मीटरभर लांब दगडी दांडा कामावरच्या रॉबर्ट फिलिप्स यांनी ठेवून घेतला, पुढे अमेरिकेला जातानाही सोबत नेला आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर, 2018 मध्ये, इंग्लंडला परत केला. मला तर ही शोधाइतकीच मोठी गोष्ट वाटते, कारण आज या संरक्षित शिळांचा टवका काढायलाही सहसा परवानगी मिळत नाही.

सारसेन म्हणजे 99 टक्क्यांहून अधिक सिलिका. त्यावरून ठिकाण काय ओळखणार? डाळ घरोघरी तीच. घर ओळखायचं ते फोडणीवरून. इथली फोडणी म्हणजे झिर्कोनियमसारखी अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं. संशोधक डेव्हिड नॅश आणि सहकाऱ्यांनी दांड्यातल्या अशा मूलद्रव्यांची तुलना दक्षिण ब्रिटनमधल्या 20 ठिकाणच्या सारसेनशी केली. जुळलं फक्त वेस्ट वूड्स, स्टोनहेंजच्या उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवरचं. शिळांना धक्का न लावता क्ष-किरणांनी केलेल्या तपासणीत उरलेल्या 52 पैकी 50 सारसेन एकाच जातकुळीच्या निघाल्या. 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

वेदीशिलेच्या बातमीनंतर ती समुद्रमार्गे आली, हे अनेकांनी ठरवूनच टाकलं. ती घाई आहे. खनिजं मूळ गाव सांगतात, वाट सांगत नाहीत. शिवाय हा जुळणीचा खेळ तुलनेला नमुने असले तरच चालतो. हर्बर्ट थॉमस यांनी 1923 मध्ये स्टोनहेंजमधले ठिपकेदार निळे दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांचे असल्याचं दाखवलं, तेही सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचे नमुने ताडून.

म्हणून उत्खनन करणाऱ्यांना आणि संग्रहालयांना एकच विनंती: दगडाचा तुकडा क्षुल्लक वाटला तरी फेकू नका, आणि तो कुठून, कधी काढला याची चिठ्ठी त्याच्यापासून वेगळी होऊ देऊ नका.