माळावरची सफर

टीव्हीवर आफ्रिकेच्या जंगलाचा कार्यक्रम लागला की घरातील लहानथोर जागचे हलत नाहीत. टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ मैदानावर दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्ट फिरत असतात आणि गवतात सिंह दबा धरून बसलेला असतो. चार मित्रांनी मिळून असे रान पाहावे, ही इच्छा कोणाला होणार नाही? पण विमानाचे भाडे कामगाराच्या घराला परवडणारे नाही. गंमत अशी की, ‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतला शब्द आणि आपला ‘सफर’ एकाच अरबी शब्दापासून आलेले आहेत. दोन्हींचा अर्थ प्रवास. आणि झाडे थोडी, गवत फार, अशी भूमी आपल्या माणदेशातही आहे. म्हसवडला एसटीतून उतरले की ती सुरू होते.

माळ म्हणजेही जंगलच

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण तालुक्यात जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून इकडचे जंगल गवताचे आणि बोरी-बाभळीचे. लांडगा, खोकड, ससा, तित्तिर, चंडोल, धाविक हे इथले रहिवासी. त्यांचा रंग मातीशी इतका मिळता की नवखा माणूस शेजारून जातो आणि त्याला काही दिसत नाही.

म्हणून घाई नको. मळकट रंगाचे कपडे, एखादी दुर्बीण, भाकरी-ठेचा आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. दिवस उगवण्यापूर्वी माळावर पोहोचावे आणि एका जागी गप्प बसावे. अर्ध्या तासात माळ बोलू लागतो. टिटवी ओरडली की कोणीतरी चालत येत आहे असे समजावे. वाटेवर केस मिसळलेली विष्ठा दिसली तर ती मांस खाणाऱ्या जनावराची. लांडगा भेटेलच असे नाही. भेटलेल्या मेंढपाळाशी मात्र जरूर बोलावे, माळाची खबर त्याच्याइतकी कोणाला नसते. पिल्लांची बीळे सापडली तर लांबूनच मागे फिरावे.

ऊन चढल्यावर जवळच्या राजेवाडी तलावाकडे जावे. माणगंगेवरचा हा तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून उभा राहिला. पोटासाठी माती वाहणाऱ्या मजुरांचे ते श्रम आहेत. हिवाळ्यात इथे परदेशी बदके उतरतात आणि पाणी उथळ असेल त्या वर्षी रोहित पक्षीही येतात. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी तर मध्य आशियातून येऊन इथल्या माळांवरचे टोळ फस्त करतात. शेतकऱ्याचे हे काम ते फुकटात करतात.

कागदावर ‘पड’

एवढी जित्राबे जिथे नांदतात, त्या जमिनीला सातबाऱ्यावर मात्र ‘पड’ नाहीतर ‘पोटखराबा’ म्हणतात. ज्याला एकदा निरुपयोगी ठरवले, त्याचे कसेही करायला माणूस मोकळा होतो. कोणी खाणी काढतो, कोणी वणवा लावतो, कोणी हौसेने गवत उपटून झाडांचे खड्डे खणतो. भारतातला चित्ता 1952 साली नामशेष जाहीर झाला. पुढे 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आणावे लागले. प्राणी विमानाने आणता येतो, पण त्याचे माळरान कोठून आणणार?

दुष्काळी गावांना पाणी हवेच. टेंभूचे पाणी आटपाडीत आले, त्यावर कोणाचे शेत पिकत असेल तर त्यात आनंदच आहे. प्रश्न एवढाच की, गावाने थोडे माळ गवतासाठी राखावे की नाही? मेंढ्यांना चारा आणि लांडग्याला आसरा, दोन्ही तिथेच आहे. शेजारच्या आटपाडीत 2023 साली सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर रान ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर झाले, हे चांगले पाऊल आहे. लांडग्याने शेळी नेली तर विष घालू नये. वन खात्याला लगेच कळवावे, पंचनामा होऊन भरपाई मिळते. लांडग्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की मुलांना एक पहाट माळावर न्या. परतल्यावर त्यांना वहीत लिहायला सांगा, काय काय पाहिले. सेरेंगेटीतल्या प्राण्यांची नावे त्यांना पाठ असतात. आपल्या माळावरच्या दहा जिवांची नावेही यायला हवीत. ज्याचे नाव माहीत असते, त्याला ‘पड’ म्हणायला जीभ सहज वळत नाही.