सात्या, टेकोडे आणि दहा जणांची पिशवी

जुलैचा पाऊस लागला, की अमरावती-अकोल्याहून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. धुकं पाहून होतं, भजी खाऊन होतात. मग कुणाला तरी पाचोळ्यात अळंबीची पांढरी छत्री दिसते आणि सगळा कंपू पिशवी शोधायला लागतो. ‘दहा जण आहोत, कुणीतरी ओळखेलच’ हा त्या दिवसाचा सगळ्यात महागात पडू शकणारा समज. दहा अनोळखी डोळे एका जाणत्या डोळ्याची बरोबरी करत नाहीत. उलट सगळ्यांची वेचणी एकाच पातेल्यात शिजते, त्यामुळे एकाची चूक दहांच्या ताटात जाते.

घोळक्यानं अळंबी शोधायला जाण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडात हेरफर्डच्या वूलहोप निसर्गमंडळानं अशा फेऱ्या 1868 साली सुरू केल्या. पण तिथे गोळा केलेलं आधी टेबलावर मांडलं जाई, जाणकार एकेकाला नाव देत, आणि जेवणाची गोष्ट त्यानंतर.

विदर्भात ज्यांना सात्या किंवा टेकोडे म्हणतात, त्या वारुळाच्या आसऱ्यानं उगवतात. विजा कडाडल्या म्हणून त्या जमिनीतून फुटतात, असं अनेकांना वाटतं. खरं तर बुरशीचं जाळं आधीपासूनच खाली असतं. वाळवी वारुळात या बुरशीची अक्षरशः शेती करते, आणि ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांची आहे. पावसानं माती भिजली, की त्या शेतातून छत्र्या वर येतात. विजेचा समज मात्र अगदीच पोकळ नाही. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी लाकडावर वाढवलेल्या अळंबीला कृत्रिम विजेचे झटके दिले, तेव्हा उत्पादन वाढलेलं दिसलं. पण झटका बसायला खाली बुरशी हवीच!

‘सुरीनं कापा, उपटू नका’ हा सल्ला सहलीत हमखास कुणीतरी देतो. स्वित्झर्लंडमध्ये 1975पासून 29 वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा झाला. कापलं काय आणि उपटलं काय, पुढच्या वर्षीच्या उगवणीत फरक पडला नाही. छत्र्या कमी झाल्या त्या पायांखाली माती तुडवली गेली तिथे. म्हणजे सुरीची काळजी करणाऱ्या कंपूनं आपल्या वीस पायांची काळजी करायला हवी. शिवाय वारुळावरच्या मोठ्या जातींचा लांब, मुळासारखा दांडा खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, आणि अमानिटा या प्रजातीतल्या विषारी छत्र्यांच्या बुडाशी बहुधा पिशवीसारखं आवरण असतं. वरूनच कापलं, की ओळखीच्या या दोन्ही खुणा जमिनीतच राहतात. म्हणून ओळख पटवण्यापुरती एखादी छत्री बुडासकट उकरून पाहावी; वारूळ मात्र खणू नये.

आता स्वयंपाकघरातल्या परीक्षा. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळसर झाला तर विषारी, किड्यानं खाल्लं असेल तर निर्धोक: यातली एकही खरी नाही. गोगलगायीला जे पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. ‘उकळून पाणी फेकलं की विष जातं’ हा समज तर जीवघेणा आहे. अमानिटा फॅलॉइडीस या छत्रीतलं विष शिजवून नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब खाल्ल्यानंतर बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतात. मग एखाद दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. एप्रिल 2022मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन 13 माणसं दगावली. ‘रात्री खाल्लं, सकाळपर्यंत काही झालं नाही’ हा पुरावा धरता येत नाही, तो या उशिरा दिसणाऱ्या लक्षणांमुळेच. शंका आली तर उरलेली छत्री कागदात गुंडाळून रुग्णासोबतच दवाखान्यात न्यावी.

हिरवळीवर, उकिरड्याजवळ उगवणारी हिरव्या बीजाणूंची मोठी छत्री कोवळी असताना पांढरीशुभ्र दिसते आणि खाल्ली तर पोट पार ढवळून काढते. तिचं टोपण रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथं ठेवलं, की सकाळी हिरवट छाप उमटतो. वारुळावरच्या जातींचा छाप गुलाबीसर असतो. सहलीत मुलांना करायला देण्याजोगा हा उत्तम उद्योग, पण एवढ्यावर भाजी फोडणीला टाकायची नाही.

‘रान सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं’ हाही गैरसमजच. मेळघाट 1974पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथून किंवा अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972नुसार गुन्हा ठरतो. बाहेरच्या सगळ्या रानालाही वाली नाही असं समजू नये. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या रानाची राखण ग्रामसभा करते. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारा कोरकू माणूसही दिसेल ती छत्री उचलत नाही. त्याला ठरावीक जागा, ठरावीक जात आणि तिची वेळ ठाऊक असते. गाडीतून उतरलेल्या मंडळींना अर्ध्या तासात ते कुठून येणार? मोबाइलवरच्या फोटोला तर बूड कसं आहे हेही कळत नाही.

चवीचीच ओढ असेल, तर धिंगरी ही अळंबी सोयाबीनच्या कुटारावर घरच्या खोलीत उगवते. कुटार भिजवून गरम पाण्यानं निर्जंतुक करायचं, बियाणं घालून पिशव्या भरायच्या आणि ओल राखायची. सुमारे 3 आठवड्यांत पहिली तोडणी येते. सात्या मात्र अशा पिशवीत येत नाहीत. त्यांना वाळवीच लागते.