पोटात गॅस भरतात, तोही मुद्दाम!

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याने जाताना ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ असे फलक दिसतात. दुर्बीण आत घालायला आधी जागा लागते, कारण पोटात आतडी, यकृत, पोटाची भिंत सगळं एकमेकांना चिकटूनच असतं. म्हणून बेंबीजवळून कार्बन डायऑक्साइड भरतात. तंबू उभारावा तशी पोटाची भिंत वर उचलली जाते. 👇

🔹 कार्बन डायऑक्साइडच का? तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवता येतो. शिवाय तो रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

🔹 दाब किती? साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा. यंत्र तो सतत मोजतं. दाब जास्त झाला, तर हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि फुप्फुसांवर ताण येतो.

🔹 नंतर खांदा का दुखतो? गॅसमुळे श्वासपटल चाळवतं. त्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांकडे जाते. दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत थांबतं.

🔹 सुरुवात? 1901 मध्ये जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून आत पाहिलं. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1972 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निदानासाठी दुर्बीण वापरली आणि 1990 मध्ये तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं.

कोलोनोस्कोपीतही मोठं आतडं असंच फुगवतात. तपासणीनंतर वारा सरला तर लाजू नका, डॉक्टरांना तेच हवं असतं! 😄

#आरोग्य #संगमनेर